क्वाइट म्हणे क्वाइट!

अहो, या की जरा इकडे, कुंपणापाशी. गॅस बंद केलात ना? मग निवांत ऐका. ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या बंगल्यात काय झालं ते? लग्न झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे म्हणा, अख्खी कॉलनी जेवून आली. मी सांगतेय ते लग्नाच्या आतलं. आणि त्याच्याही आधीचं. सगळी भानगड एका इंग्रजी शब्दाची हो. आहे एवढुस्सा, पण भल्याभल्यांची तोंडं उतरवली मेल्यानं. क्वाइट!

आता त्या बंगल्यातल्या वहिनींचा थोरला लीड्सला असतो, ते काही नव्यानं सांगायला नको. त्याचं पहिलं अप्रेझल झालं. साहेबानं लिहिलं, ‘क्वाइट गुड’. झालं! वहिनींनी त्याच संध्याकाळी कंदी पेढ्यांचा पुडा उघडला आणि घरोघर फिरल्या. ‘साहेबानं क्वाइट गुड लिहिलंय हो! नुसतं गुड नाही, क्वाइट गुड!’ मी आपला पेढा खाल्ला, तोंड भरून कौतुक केलं. तुम्हीही खाल्लात, उगाच नाही म्हणू नका. पण पेढे घेऊन त्या पोचल्या आपल्या इंग्रजीच्या बाईंकडे. हायस्कूलच्या, रिटायर्ड. बाईंनी पेढा हातात धरला, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, ‘साहेब गोरा आहे का हो? म्हणजे तिथलाच, इंग्लंडचा?’

‘हो तर, अस्सल इंग्रज,’ वहिनी म्हणाल्या. केवढ्या अभिमानानं!

बाई म्हणाल्या, ‘मग पेढे थोडे थांबवले असते तर चाललं असतं.’

मी तिथेच होते ना, वाटीभर विरजण मागायला गेलेले. वहिनींचा चेहरा असा काही पडला म्हणता… पेढ्यांचा डबा दोन्ही हातांत तसाच धरलेला, झाकण अर्धवट. बाई तशा वाईट नाहीत हो, पण शाळेतली सवय. चूक दिसली की लाल पेन बाहेर! मग त्यांनी समजावलं. इंग्लंडात माणूस नुसतं ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर त्याचा अर्थ पुष्कळदा ‘बरं आहे’ इतकाच. म्हणजे वाईट नाही, पण हुरळून जाण्यासारखंही नाही. आणि तोच शब्द अमेरिकेत कुणी लिहिला असता तर? तर पेढे वाटायला हरकत नव्हती. तिकडे क्वाइट गुड म्हणजे चांगलंच की! बाईंकडे ऑक्सफर्डची ती जाडजूड डिक्शनरी आहे ना, शिकणाऱ्यांसाठीची, तीच काढून दाखवली त्यांनी. त्यात चक्क वेगवेगळे अर्थ दिलेत, ब्रिटिश वेगळा, अमेरिकन वेगळा. वहिनी म्हणाल्या, ‘असा कसा शब्द? एकदा खूप म्हणायचं आणि एकदा बरं म्हणायचं?’

आता खरं सांगू? आपण तरी कुठे वेगळं करतो? ‘ताप आला होता, आता बरा आहे’ म्हणजे ठणठणीत. आणि मुलगी बघून आल्यावर मुलाची आत्या नाक मुरडून म्हणते ‘बरी आहे’, तेव्हा? तिथे काय समजायचं ते समजतोच ना आपण! आणि त्याच ‘बरे’ला नुसता एक च लावला की ‘बरेच लोक आले होते’. म्हणजे रीघ लागली होती! तर त्या इंग्रजांना एकट्यांना नावं ठेवण्यात काही अर्थ नाही.

तर काय सांगत होते… हां, बाईंचा नियम. तो मात्र ऐकून ठेवा, नातवाच्या ग्रामरला उपयोगी पडेल. म्हणे क्वाइटच्या पुढे कुठला शब्द बसलाय ते आधी बघायचं. ज्याला कमी-जास्त करता येतं, उंच, थंड, दमलेला, चांगला, त्याच्या आधी क्वाइट आला की ‘बऱ्यापैकी’. क्वाइट टॉल, क्वाइट टायर्ड. आणि ज्याला कमी-जास्त होताच येत नाही, त्याच्या आधी आला की ‘अगदी’, ‘साफ’, ‘पुरतं’. क्वाइट एम्प्टी, क्वाइट इम्पॉसिबल. क्वाइट डेड! माणूस थोडासा मेला असं कधी होतं का? मेला म्हणजे मेलाच. क्वाइट राइट म्हणजे शंभर टक्के बरोबर, क्वाइट शुअर म्हणजे पक्की खात्री, क्वाइट डिफरंट म्हणजे पार वेगळं. क्रियापदांचंही तसंच आहे म्हणे. ‘आय क्वाइट लाइक इट’ म्हणजे आवडलं, चालेल, पण जीव नाही टाकत. आणि ‘आय क्वाइट अग्री’ म्हणजे पूर्ण सहमत. वहिनी म्हणाल्या, ‘मग माझ्या मुलाला क्वाइट डेड लिहिलं असतं तरच…’ बाईंनी तोंडावर हात ठेवला त्यांच्या. अशुभ कसलं बोलता!

त्यातून जोर कुठे दिलाय हेही बघायचं म्हणे. ‘गुड’वर जोर दिला तर साहेब बऱ्यापैकी खूश. ‘क्वाइट’वर जोर देऊन ते शेवटी जरा लांबवलं, की समजायचं, पुढे ‘पण’ येतोय. आता कागदावर लिहिलेल्याला कुठला आलाय जोर? तिथेच तर घोळ!

बरं, हे झालं गेल्या वर्षी. वहिनींनी विसरल्यासारखं दाखवलं, आम्ही तर विसरलोच. आणि मग निघालं धाकटीचं लग्न. मे महिना, आपल्या सांगलीचा उकाडा, आणि कार्यालयातले पंखे असे फिरतायत की जणू कुणी हातानं ढकलतंय. लीड्सहून थोरला आला. न्यूजर्सीहून वहिनींची जाऊ आली, तिची कॉलेजातली मुलगी आली. तीच हो, तिकडेच जन्मलेली, मराठी छान बोलते पण मध्येच इंग्रजीची गाडी सोडते ती.

थोरल्यानं मंडपाची सजावट स्वतः केली होती. झेंडूची तोरणं, केळीचे खांब, वर त्या पिवळ्या दिव्यांच्या माळा… रात्रभर जागून. सकाळी ही पुतणी आली, हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, ‘दादा, द डेकोरेशन इज क्वाइट नाइस!’ पोरगी मनापासून बोलली हो. डोळे नुसते चमकत होते तिचे. पण लीड्सला मुरलेला आपला दादा, त्याचा चेहरा खर्रकन उतरला. ‘थँक्स,’ एवढंच म्हणाला आणि जाऊन शिडीच आवरायला लागला. मी जावेला विचारलं, काय झालं याला? ती म्हणाली, ‘काय माहीत, एवढं कौतुक केलं तरी फुगलाय!’

आणि गंमत ऐका. त्याच रात्री संगीत होतं. ही पुतणी नाचली. लावणी, अमेरिकेत यूट्यूबवर शिकलेली. आता लावणी ती लावणी, न्यूजर्सीची काय नि नारायणगावची काय… असो. नाच झाल्यावर थोरला टाळ्या वाजवत म्हणाला, ‘क्वाइट गुड!’ सकाळचा राग होताच ना मनात, ‘बरं केलंस’ अशा अर्थानं म्हणाला तो. पण तिनं काय करावं? धावत आली आणि गळ्यातच पडली त्याच्या! ‘ओ माय गॉड दादा, थँक यू!’ तो नुसता उभा. मी आणि बाई एकमेकींकडे बघतोय. बाई माझ्या कानात म्हणाल्या, ‘बघा, दोघंही इंग्रजीच बोलतायत.’

अहो, थांबा थांबा, जाऊ नका, खरी मजा तर पुढेच आहे. तो साहेब! लीड्सचा! तोच हो, अप्रेझलवाला. तो लग्नाला आला होता. साठीचा असेल, लालबुंद, भला माणूस वाटला बाई मला. तर महिनाभर आधी त्यानं मेल केला होता की आम्ही येतोय, ‘क्वाइट अ फ्यू ऑफ अस’. वहिनींनी वाचलं. फ्यू म्हणजे थोडे, हे तर आपण शाळेत तर्खडकरी पद्धतीनं घोकलंय. त्यावर हा क्वाइट. म्हणजे बऱ्यापैकी थोडे! त्यांनी केटररला सांगितलं, चार पानं वाढवा. आणि आले किती? चौदा! ऑफिसातली अर्धी फौज, बायकामुलांसकट. कार्यालयाच्या दारात गाड्यांमधून उतरतायत, उतरतायत, संपेचनात. केटररच्या हातातला श्रीखंडाचा चमचा तिथेच थांबला. मग काय, आमच्या बाजूच्या पंगतीला श्रीखंड आलं ते पातळसं, मसाल्याच्या दुधाचा भाऊ म्हणावं असं. तुम्हाला वाटलं असेल ना, एवढ्या पैशावाल्यांनी श्रीखंडात हात आखडता घेतला? नाही हो! शब्दानं घेतला. फ्यू म्हणजे जेमतेम, अ फ्यू म्हणजे थोडेफार, आणि क्वाइट अ फ्यू म्हणजे पुष्कळ! बाईंनी हे नंतर सांगितलं. नंतर सांगून काय उपयोग, पण बाईंना मेल दाखवायला वहिनींचा मान आड आला, पेढ्यांनंतर.

आणि आता आप्पा. आप्पांना तुम्ही ओळखताच, वहिनींचे सासरे, ऐंशी पार. इंग्रजी बोलायला मिळालं की वय विसरतात. पंगतीत साहेबाच्या शेजारी त्यांनाच बसवलं होतं मुद्दाम. साहेबाच्या कपाळावरून घामाच्या धारा, रुमाल भिजून चिंब. आप्पांनी संभाषण सुरू केलं, ‘टू मच हॉट टुडे, नो?’

साहेबानं घाम पुसला, मान डोलावली आणि एकच शब्द बोलला. ‘क्वाइट.’

आप्पा गप्प! एकदम गप्प. जिलबी आली, मठ्ठा आला, आग्रह झाला, आप्पांनी ओठ म्हणून उघडले नाहीत. हात धुवायला उठले तेव्हा थोरल्याला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तुझा साहेब आपल्या घरी येऊन मला क्वाएट म्हणतो? मला? गप्प बैस म्हणतो?’ डोळ्यांत पाणी आलं होतं हो म्हाताऱ्याच्या. थोरल्याला आधी काही कळेचना. मग त्यानं कपाळाला हात लावला. अहो, ‘क्वाइट’ एवढंच म्हटलं की जुन्या वळणाच्या इंग्रजाचं ‘अगदी बरोबर बोललात’ असं असतं! पूर्ण दुजोरा! म्हणजे साहेबानं आप्पांना जास्तीत जास्त मान दिला होता, आणि आप्पांनी जेवण टाकलं.

पण आप्पांची चूक तरी कशी म्हणायची? क्वाइट आणि क्वाएट, कानाला फरक केवढासा. आणि लिहितानाही शेवटची दोन अक्षरं इकडची तिकडे. आपल्या त्या वाचनालयात भिंतीवर बोर्ड होता ना, ‘कीप क्वाइट’? वर्षानुवर्षं होता. बाई दर वेळी त्याच्यासमोर उभ्या राहून सुस्कारा टाकायच्या. पण बाईंनीच सांगितलं, ते दोन्ही शब्द खरं म्हणजे भावंडंच. लॅटिनमधल्या क्विएटसची पोरं. क्विएटस म्हणजे शांत, विश्रांतीला गेलेला, मोकळा. तिथून फ्रेंचात, आणि 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, त्यांच्या पाठोपाठ फ्रेंच शब्दांचा लोंढाच इंग्रजीत आला. नोकरी सोडतात ते क्विट, कोर्टात निर्दोष सुटतात ते अक्विट, सगळे त्याच कुळातले. देणं चुकवून मोकळं झालं म्हणजे काम पुरतं झालं, म्हणून क्वाइटचा मूळ अर्थ ‘पूर्णपणे’. चौदाव्या शतकापासून इंग्रजीत तो तसाच. त्या डॉक्टर जॉन्सननं 1755 ची डिक्शनरी केली, त्यातही ‘पूर्णपणे’च. पुढे अमेरिकेत त्याच्या जोडीला ‘खूप’ हाही अर्थ आला. आणि इंग्लंडात ‘बऱ्यापैकी’ हा अर्थ जोरात रुळला तो एकोणिसाव्या शतकात. म्हणजे अमेरिकेतला भाऊ वाढत वाढत गेला आणि इंग्लंडातला ओसरत ओसरत आला. जुना अर्थही गेला नाही, तोही ‘क्वाइट राइट’मध्ये बसलाय ठाण मांडून!

हे सगळं बाई सांगतायत आणि आपले कर्नलकाका मध्येच घुसले. त्यांना काही निमित्त लागतं का! म्हणाले, ‘तुम्ही श्रीखंडाचं काय घेऊन बसलात, या असल्या बोलण्यापायी पलटण गेलीय.’ कोरियाची लढाई, एप्रिल 1951. इमजिन नदीवर ब्रिटिश ब्रिगेड, समोर चिन्यांचा महापूर. ब्रिगेडिअर ब्रोडी म्हणून होता. वरचा जनरल अमेरिकन. त्यानं विचारलं, कसं काय आहे? ब्रोडी इंग्रजच तो, म्हणाला, ‘अ बिट स्टिकी’. जरा चिकट झालंय! इंग्रजाच्या तोंडी ते म्हणजे जीव कंठाशी आलाय. अमेरिकन जनरलला वाटलं, जराशी अडचण आहे, निभावेल. असं सांगतात हो, काकांनी पुस्तकात वाचलंय. ग्लॉस्टर रेजिमेंटची ती पलटण टेकडीवर वेढली गेली. बहुतेक माणसं पडली, जखमी झाली नाहीतर कैद झाली, मोजकीच निसटली. त्यात हा शब्द क्वाइट नव्हे, पण खोड तीच. इंग्रज कमी करून बोलतो, अमेरिकन ऐकतो तेवढंच धरतो. काका बोलायचे थांबले आणि क्षणभर कुणाला काही सुचेना. मग कुणीतरी पान आणलं. बरं झालं.

तर काय सांगत होते… हां, शेवट. ऐका ना, शेवट तर वहिनींच्या पुतणीनं केला. दुसऱ्या दिवशी साहेब निघाले होते. वहिनी नारळ नि शाल घेऊन उभ्या, मनात ते वर्षभरापूर्वीचं कुसळ आहेच. पण विचारणार कोण? थोरला तर जमिनीत बघतोय. ही पोरगी सरळ पुढे झाली आणि म्हणाली, ‘सर, तुम्ही दादाला क्वाइट गुड लिहिलंत, ते व्हेरी गुड की सो-सो?’ जावेनं डोळे मोठे केले, वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी म्हटलं आता काय होतंय!

साहेब आधी लाल झाले, होते त्याहून जास्त. मग हसले आणि म्हणाले, ‘ही इज रिअली क्वाइट गुड, यू नो.’

घ्या! पुन्हा क्वाइट! वहिनींनी बाईंकडे बघितलं, आम्ही सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी चष्मा सारखा केला आणि निकाल दिला, ‘रिअली लागलंय आधी. आणि आवाज चढला तो गुडवर. वाटलं होतं त्यापेक्षा चांगला निघाला, असं म्हणतायत ते. पांघरा शाल त्यांना.’ वहिनींचं तोंड असं फुललं! आप्पा तेवढे लांब खुर्चीवर, अजून हिशेब चुकता झाला नव्हता. पण साहेब स्वतःहून गेले त्यांच्यापाशी, वाकून नमस्कार केला. थोरल्यानंच शिकवलं असणार. मग आप्पा म्हणाले, ‘हॉट टुडे ऑल्सो.’ आणि साहेबांनी या वेळी शहाण्यासारखं म्हटलं, ‘येस, व्हेरी.’

आता तुमची लेक मँचेस्टरला निघालीय ना ऑगस्टमध्ये? म्हणून तर एवढं सांगितलं, नाहीतर मला काय हौस आहे लोकांच्या घरातलं बोलायची! तिला सांगून ठेवा. घरमालकीण म्हणाली की खोली ‘नॉट क्वाइट रेडी’ आहे, तर रडायचं नाही, जवळजवळ झालीय असा अर्थ. ‘क्वाइट अ वॉक’ आहे म्हणाली तर चप्पल नको, बूट घाल, लांब आहे. ‘क्वाइट अ बिट’ खर्च येईल म्हणाली तर पर्स आधी चाचपायची. कुणी ‘क्वाइट गुड’ म्हणालं तर पुढचा शब्द बघायचा, जोर ऐकायचा, माणूस कुठल्या किनाऱ्याचा ते बघायचं. आणि एवढं करूनही कळलं नाही तर त्या पोरीसारखं तोंडावर विचारायचं. लाज कसली त्यात? इंग्रज नि अमेरिकन, दोघांची मायबोली तीच, तरी त्यांचंच एकमेकांशी जमत नाही, तिथे आपण विचारलं तर काय बिघडलं!